एम्प्लॉयी एंगेजमेंट: लोकांचं कामात मन का लागत नाही आणि त्यासाठी काय करता येतं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बरीच वर्षं एचआरमध्ये आहे, त्याआधी काही वर्षं स्वतः टीम सांभाळली. मॅनेजर, मालक, एचआरला नवीन लागलेली मुलं, सगळ्यांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं एका जागी लिहून ठेवतेय. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत कारण प्रश्नही सारख्या वजनाचे नाहीत, पण सर्व्हेवाला भाग तेवढा नक्की वाचा.

एंगेजमेंट म्हणजे नक्की काय?

"पाट्या टाकणं" म्हणजे काय ते आपल्या सगळ्यांना कळतं. माणूस वेळेवर येतो, सांगितलं तेवढं करतो, वेळेवर जातो, नियमाने बघितलं तर त्याची काही चूक काढता येत नाही, पण त्याचं मन तिथे नसतं. एंगेजमेंट म्हणजे याच्या बरोबर उलट. समोर काहीतरी बिघडताना दिसलं तर "माझं काम नाही" म्हणून तो पुढे जात नाही, थांबतो, कुणाला तरी सांगतो, जमलं तर स्वतःच नीट करून टाकतो.

कामाच्या बाबतीत हा शब्द रुळला तो विल्यम कान यांच्या १९९० च्या अभ्यासामुळे. त्यांनी एका समर कॅम्पमधले काउन्सिलर आणि एका आर्किटेक्चर फर्ममधली माणसं जवळून बघितली, आणि त्यांना असं दिसलं की तोच माणूस काही वेळा स्वतःला कामात झोकून देतो आणि काही वेळा अंग काढून घेतो. म्हणजे हा माणूस एंगेज्ड आणि तो नाही, असा शिक्का मारता येत नाही. ते तीन गोष्टींवर ठरतं. या कामाला काही अर्थ आहे का, इथे मी मोकळेपणाने वागलो तर मला त्रास तर होणार नाही ना, आणि आज माझ्या अंगात आणि डोक्यात तेवढी ताकद शिल्लक आहे का. कुठलीही टीम समजून घ्यायची असली की मी अजूनही हेच तीन प्रश्न धरून बसते, तीनपैकी कुठलं भोक बुजवायचं आहे ते बहुतेक वेळा तासाभराच्या गप्पांत कळतं.

लोक खूश आहेत म्हणजे एंगेज्ड आहेत, असंच ना?

नाही. काम कमी, कटकट नाही, कुणी विचारत नाही, अशा ठिकाणी माणूस मजेत असतो आणि वर्षानुवर्षं पाट्या टाकत राहतो. आणि जीव ओतून काम करणारा माणूस कधीकधी सगळ्यात जास्त वैतागलेला असतो, कारण त्याला फरक पडतो. मीटिंगमध्ये सारखी तक्रार करणाऱ्या माणसाला मॅनेजर निगेटिव्ह म्हणतात, मी म्हणते तो बोलतोय तोवर ठीक आहे, तो ज्या दिवशी गप्प बसायला लागेल त्या दिवशी काळजी करा. माझ्या अनुभवात तो गप्प झाला की थोड्याच दिवसांत राजीनामा येतो.

पगार वाढवला की सगळं सुटेल ना?

पगार कमी असेल, उशिरा होत असेल, किंवा शेजारी बसणाऱ्याला तेच काम करून जास्त मिळत असेल, तर आधी ते नीट करा, बाकी काही वाचूच नका. पोटाला चिमटा काढून कुणी मन लावून काम करत नाही, करावं अशी अपेक्षासुद्धा चुकीची आहे.

पण त्याच्या पुढे पगाराचा हात फार लांब जात नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजिनियर आणि अकाउंटंट मंडळींना विचारलं होतं की नोकरीत तुम्हाला खूप छान कधी वाटलं आणि खूप वाईट कधी वाटलं. १९५९ साली त्याचे निष्कर्ष आले आणि ते आजही कामाला येतात. वाईट वाटण्याच्या गोष्टींत बहुतेक करून कंपनीची धोरणं, वरच्याची वागणूक, पगार, कामाची जागा हे येत होतं, आणि छान वाटण्याच्या गोष्टींत काहीतरी जमलं, कुणीतरी दखल घेतली, जबाबदारी मिळाली, काम स्वतःच आवडलं हे. म्हणजे पहिल्या यादीतलं सुधारलं की नाराजी कमी होते, पण नाराजी नसणं म्हणजे उत्साह असणं नव्हे. इन्क्रिमेंटचं पत्र मिळाल्यावर माणूस खूश असतो हे खरं आहे, पण ते किती दिवस टिकतं ते स्वतःला आठवून बघा.

मग प्रत्येक गोष्टीला बक्षीस, पॉइंट्स, इन्सेंटिव्ह लावलं तर?

जपून. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. ज्या मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडायचं त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल. नंतर मोकळ्या वेळेत हीच मुलं बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढायला लागली. ज्यांना सर्टिफिकेट अचानक, न सांगता मिळालं त्यांच्यात असा फरक पडला नाही. मोठ्यांचंही बरंचसं तसंच होतं. जे काम माणूस आवडीने करत होता त्याला रेट लावला की तो रेट बघायला लागतो, आणि रेट बंद झाला की काम पण बंद. मोजून करायच्या, एकसुरी कामाला इन्सेंटिव्ह चालतो, पण एकमेकांना मदत करणं, नवीन माणसाला शिकवणं, चूक दाखवून देणं, याला पॉइंट्स लावू नका.

जगात असे मन लावून काम करणारे किती असतात?

गॅलप ही संस्था दरवर्षी जगभर हे मोजते. त्यांच्या हिशोबाने २०२३ मध्ये २३ टक्के कर्मचारी एंगेज्ड होते, २०२४ मध्ये ते २१ वर आले. म्हणजे पाचातला एक. यातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट अशी की त्याच काळात मॅनेजर लोकांचा आकडा ३० वरून २७ वर घसरला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ज्याच्याकडून आपण टीममध्ये उत्साह आणायची अपेक्षा धरतो तोच आतून रिकामा होत चाललाय, आणि त्याला कसा आहेस म्हणून विचारायची कुणाला आठवण नाही.

कंपनीला याचा काही फायदा होतो का, की नुसतं छान छान बोलायला?

होतो. हार्टर, श्मिट आणि हेज यांनी २००२ मध्ये ३६ कंपन्यांमधल्या ७,९३९ युनिट्सचा डेटा एकत्र करून बघितला, तर जिथे एंगेजमेंट जास्त तिथे ग्राहक जास्त समाधानी, काम आणि नफा जास्त, नोकरी सोडून जाणारे कमी, आणि अपघातसुद्धा कमी असं दिसलं. आता हे एकतर्फी नाही हे मान्य करायला हवं, म्हणजे चांगलं चाललेल्या युनिटमध्ये लोकांचं मनही जास्त लागत असणारच, त्यामुळे बॉसला प्रेझेंटेशन देताना "एंगेजमेंट इतकी वाढवली की नफा इतका वाढेल" असलं गणित मांडू नका, ते कुणीही खोडून काढेल. अपघाताचा मुद्दा मांडा. मन ठिकाणावर नसलेला माणूस मशीनवर उभा असणं म्हणजे काय ते सगळ्यांना लगेच कळतं.

सगळ्यात जास्त फरक कशाने पडतो?

थेट वरच्या माणसाने. सीईओने नाही, एचआरने तर नाहीच. गॅलपचाच अंदाज आहे की दोन टीम्सच्या एंगेजमेंटमध्ये जो फरक दिसतो त्यातला किमान ७० टक्के भाग मॅनेजरमुळे असतो. नेमका आकडा सोडून द्या, पण एकाच कंपनीत, त्याच पॉलिसीखाली, त्याच पगारावर, एका मजल्यावर लोक हसत काम करतायत आणि दुसऱ्या मजल्यावर तोंड पाडून बसलेत हे आपण सगळ्यांनीच बघितलेलं असतं.

आणि तरी आपण मॅनेजर कसा करतो? जो सगळ्यात चांगला कोडिंग करतो, सगळ्यात जास्त विकतो, त्याला प्रमोशन म्हणून माणसं देतो. त्याला कुणी शिकवलेलं नसतं, त्याचं जुनं काम पण त्याच्याच गळ्यात असतं, मग तो मेलवरून हुकूम सोडत बसतो, उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं. यात दोष त्याचा कमी आणि त्याला तिथे बसवणाऱ्यांचा जास्त. ज्याला माणसं सांभाळायची आवड नाही त्याला वर जायला दुसरा रस्ता द्या, पगार वाढवायचा म्हणून त्याच्या हाताखाली दहा जणांचं नुकसान नको.

चांगल्या मॅनेजरने रोज वेगळं काय करायचं?

तीनच गोष्टी सांगते. एक, काम सांगताना काय हवंय आणि कशासाठी हवंय हे दोन्ही सांगा. एंगेजमेंट मोजायला गॅलप जे बारा प्रश्न विचारते त्या यादीत पहिला प्रश्नच हा आहे की माझ्याकडून काय अपेक्षा आहे ते मला माहीत आहे का, आणि दुसरा, काम नीट करायला लागणारं साहित्य माझ्याकडे आहे का. इतक्या साध्या गोष्टी, पण निम्मी भांडणं तिथेच असतात.

दोन, दर आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी प्रत्येकाशी अर्धा तास एकट्याने बोला आणि त्यात कामाचं स्टेटस विचारू नका, ते मेलवर मिळतं. "कुठे अडतंय", "माझ्याकडून काय हवंय", "मागच्या वेळी तू जे म्हणालास त्याचं मी हे केलं", एवढं बास. आणि ही मीटिंग रद्द करू नका, पुढे ढकला हवं तर. सारखी रद्द झाली की समोरच्याला बरोबर कळतं आपण कितव्या नंबरवर आहोत ते.

तीन, अडथळे काढा. टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी सात कंपन्यांमधल्या २३८ लोकांकडून रोजची डायरी लिहून घेतली होती, जवळजवळ १२,००० नोंदी. लोकांचे चांगले दिवस कुठले होते बघितलं तर ज्या दिवशी आपलं काम थोडंसं पुढे सरकलं ते दिवस. मोठं यश वगैरे नाही, थोडंसं पुढे सरकलं. त्यामुळे एखादी परवानगी तुमच्या टेबलावर चार दिवस पडून असेल तर तुम्ही कुणाचे तरी चार दिवस खराब केलेत, हे लक्षात असू द्या.

सर्व्हे घ्यायचा का? किती वेळा? किती प्रश्नांचा?

घ्या, पण एका अटीवर. जे कळेल त्यातलं काहीतरी करायची तयारी असेल तरच. नाहीतर खरंच घेऊ नका.

हे मी कुठून शिकले ते सांगते. एका जुन्या कंपनीत डिस्पॅचची टीम होती, चौदा-पंधरा माणसं. वर्षाचा सर्व्हे आला, साठ-सत्तर प्रश्न, मीच बनवलेले. निकाल आला, मी छान ग्राफ वगैरे काढून त्यांच्यासमोर प्रेझेंटेशन करत होते, "रेकग्निशनमध्ये आपला स्कोअर कमी आहे" म्हणून सांगत होते. एक बाई, बारा-तेरा वर्षं तिथेच काम केलेल्या, हात वर करून म्हणाल्या, मॅडम, तो प्रिंटर. मला कळेचना. मग त्यांनी मला उठवून नेलं आणि लेबल प्रिंटर दाखवला. त्याचं झाकण लागत नव्हतं म्हणून त्याला दोन रबरबँड लावलेले, खाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली, आणि दर दहा-बारा लेबलांनंतर तो अडकायचा, मग झाकण उघड, कागद काढ, रबरबँड परत लाव. दिवसभर हेच. त्यांनी ते दोन सर्व्हेत लिहिलं होतं, शेवटी "आणखी काही सांगायचंय का" या रकान्यात. मी तो रकाना नीट वाचलाच नव्हता, कारण त्याचा ग्राफ होत नाही. आणि मधल्या काळात त्याच टीमला आम्ही एंगेजमेंट वीकचे टी-शर्ट वाटले होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय. प्रिंटर बदलायला पुढे नऊ दिवस लागले, फक्त नऊ, आणि त्या बाईंनी मला दोन वर्षं तेच सांगितलं होतं. त्या गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून मी काय करते ते लिहिते. प्रश्न कमी, दहा-बाराच्या वर नाही. वर्षातून एक मोठा आणि मधे दोन-तीन वेळा अगदी छोटा, त्याहून जास्त विचारत बसलात तर लोक कंटाळून सगळीकडे मधला पर्याय टिक करतात. मोकळ्या रकान्यातला प्रत्येक शब्द वाचायचा, मॅनेजरने नव्हे, ज्याच्या हातात काही करायची ताकद आहे त्याने. निकाल दोन-तीन आठवड्यांच्या आत लोकांना परत सांगायचा, वाईट असला तरी. आणि त्यातल्या दोनच गोष्टी उचलायच्या, कोण करणार आणि कधीपर्यंत ते लिहून भिंतीवर लावायचं, आणि जे जमणार नाही ते का जमणार नाही तेही स्पष्ट सांगायचं. "नाही" हे उत्तर लोक पचवतात. उत्तरच न येणं पचत नाही.

सर्व्हेत नाव कळतं का?

लोकांना वाटतं कळतं, आणि लहान टीममध्ये बरेचदा खरंच कळतं. चार जणांच्या टीमचा वेगळा रिपोर्ट काढला तर कोण काय बोललं हे मॅनेजर अक्षराच्या वळणावरून ओळखावं तसं भाषेवरून ओळखतो. म्हणून एखाद्या गटातून पुरेशी उत्तरं आली नसतील, निदान पाच तरी, तर त्या गटाचा वेगळा आकडा दाखवायचाच नाही, वरच्या गटात मिसळायचा. आणि "हे कुणी लिहिलं" असं एखाद्या मॅनेजरने विचारलं तर ते तिथल्या तिथे थांबवा. एकदा जरी कुणी पकडलं गेलं तर पुढची पाच वर्षं तुम्हाला खरं उत्तर मिळणार नाही.

आमचा स्कोअर तर मस्त आहे, तरी लोक सोडून जातायत. असं कसं?

स्कोअर मॅनेजरच्या अप्रेजलला जोडलाय का बघा. जोडला असेल तर सर्व्हेच्या आठवड्यात पार्टी होते, सुट्ट्या पटापट मंजूर होतात, आणि "जरा चांगलं भरा हं" असं सांगितलं जातं. आकडा वाढतो, बाकी काही बदलत नाही. स्कोअरवर बोनस लावू नका, सर्व्हेनंतर काय केलं यावर हवं तर लावा. शिवाय जे वैतागले होते ते आधीच निघून गेलेले असतात, ते सर्व्हे भरायला उरलेले नसतात, हे पण विसरू नका.

कौतुक कसं करायचं? एम्प्लॉयी ऑफ द मंथ चालेल का?

माझं मत विचाराल तर महिन्याला एकाचा फोटो लावायची पद्धत मला आवडत नाही. एक जण खूश, बाकी सगळे "मी काय केलं नव्हतं?" आणि चार महिन्यांनी पाळीपाळीने द्यायला लागतात, मग त्याची किंमतच जाते. कौतुक लगेच करा, नेमकं करा, आणि त्याचा परिणाम काय झाला ते सांगा. "गुड जॉब, कीप इट अप" हे वाऱ्यावर जातं. "तू काल संध्याकाळी ती एंट्री परत चेक केलीस म्हणून सकाळी क्लायंटचा फोन आला नाही", हे माणूस घरी जाऊन सांगतो. काही लोकांना चारचौघांत उभं केलेलं नको असतं, त्यांना बाजूला घेऊन सांगा, नाहीतर चार ओळी लिहून द्या.

गेम्स, ट्रिप, वाढदिवस, टी-शर्ट?

करा, मजा येते, माणसं एकमेकांना ओळखतात. फक्त त्याला एंगेजमेंट म्हणू नका आणि सुट्टीच्या दिवशी सक्तीने बोलावू नका.

आमचं कामच रटाळ आहे, त्यात कुणाचं मन कसं लागणार?

ही अडचण खरी आहे आणि तिला "पॅशन ठेवा" हे उत्तर नाही. हॅकमन आणि ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात कामातच काय असावं लागतं याच्या पाच गोष्टी मांडल्या. कामात वेगवेगळी कौशल्यं लागणं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक पूर्ण काम हातात असणं, त्याचा कुणाला तरी उपयोग असणं, ते कसं करायचं हे ठरवायची मोकळीक, आणि ते बरं झालं की वाईट हे कामातूनच कळणं. रटाळ कामात बहुतेकदा या पाचही गोष्टी कापून टाकलेल्या असतात, आणि त्यातल्या एक-दोन परत आणता येतात. फॉर्मचा एकच रकाना दिवसभर तपासणाऱ्या चार जणांना प्रत्येकी पूर्ण फाइल दिली तर काम तेवढंच राहतं, पण ते "माझी फाइल" म्हणायला लागतात.

आणि उपयोग दिसणं याला फार कमी लेखलं जातं. अ‍ॅडम ग्रँट यांनी २००७ मध्ये एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या लोकांवर अभ्यास केला. त्यातल्या काहींना, ज्याला त्या पैशांतून स्कॉलरशिप मिळाली अशा एका विद्यार्थ्याशी फक्त पाच मिनिटं बोलायला दिलं. महिन्याभराने बघितलं तर ते फोनवर १४२ टक्के जास्त वेळ घालवत होते आणि १७१ टक्के जास्त रक्कम जमवत होते. स्क्रिप्ट तीच होती. तुमच्या कामाचा शेवटचा माणूस कोण आहे तो तुमच्या लोकांनी कधी बघितलाय का? नसेल तर त्याला एकदा बोलवा, खर्च शून्य.

एमी व्रेझनेव्स्की आणि जेन डटन यांनी हॉस्पिटलमधल्या सफाई कर्मचाऱ्यांशी बोलून असं दाखवलं की त्याच कामाकडे काही जण "मी फरशी पुसते" असं बघत होते तर काही जण "मी पेशंट बरं व्हायला मदत करते" असं बघत होते, आणि दुसऱ्या गटाने आपणहून आपल्या कामाचा आकार बदलला होता, नातेवाइकांशी बोलणं, कुणाला काय हवं नको बघणं. मॅनेजरचं काम इथे इतकंच की असं कुणी करत असेल तर त्याला "तुझं काम तेवढंच कर" म्हणून आखडून ठेवू नये.

हे ऑफिसवाल्यांचं झालं, फॅक्टरी आणि शिफ्टच्या लोकांचं काय?

तिथेच तर सगळ्यात मोठं उदाहरण आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये जनरल मोटर्सचा एक कारखाना होता, गैरहजेरी जवळपास २० टक्के, संप, दारू, खराब गाड्या, शेवटी १९८२ मध्ये तो बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच कारखाना नुम्मी या नावाने सुरू झाला आणि घेतलेले बहुतेक कामगार जुनेच होते, युनियनही तीच. थोड्याच काळात गैरहजेरी २-३ टक्क्यांवर आली आणि गाड्यांचा दर्जा चांगला झाला. माणसं तीच होती हो, त्यांना वागवायची पद्धत बदलली. लाइनवरच्या कुठल्याही माणसाला काही चुकतंय वाटलं तर दोरी ओढून लाइन थांबवायचा हक्क दिला, दोरी ओढली की ओरडा खायच्या ऐवजी टीम लीडर मदतीला धावत यायचा. काम कसं करायचं ते ठरवण्यात कामगारांना घेतलं. आणि पुढे विक्री घसरली तेव्हा लोकांना काढलं नाही, त्यांना ट्रेनिंगला बसवलं. कामगारच आळशी आहेत असं कुणी म्हणालं की मी ही गोष्ट सांगते.

शिफ्टवाल्यांना मेल, अ‍ॅप, पोर्टल यातून काही पोचत नाही. शिफ्ट बदलताना दहा मिनिटं उभ्या उभ्या बोला, आणि रात्रपाळीला पण कधीतरी वरचा माणूस येऊ दे. ड्युटी चार्ट आधी लावा. उद्या आपण कुठल्या पाळीला आहोत हे ज्याला आज संध्याकाळी कळतं त्याच्याशी एंगेजमेंटच्या गोष्टी करायला तोंड नाही आपल्याला.

मीटिंगमध्ये कुणी बोलतच नाही, काय करू?

आधी कधीतरी कुणीतरी बोललं होतं आणि त्याचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलच्या टीम्समधल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या, तर चांगल्या टीममध्येच चुका जास्त दिसायला लागल्या. नंतर उलगडा झाला की त्या टीम्स चुका जास्त करत नव्हत्या, जास्त सांगत होत्या. बाकीच्या ठिकाणी दडपल्या जात होत्या. चूक न घाबरता सांगता येण्याच्या या मोकळेपणालाच पुढे मानसिक सुरक्षितता असं नाव रूढ झालं, आणि टीम चांगली कशाने होते हे बघायला गूगलने स्वतःच्या १८० टीम्स तपासल्या तेव्हा त्यांनाही हीच गोष्ट सगळ्यात वर सापडली.

करायचं काय? वाईट बातमी आणणाऱ्याला पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस" हेच म्हणा, मनात कितीही राग आला तरी, कारण खोलीतले बाकीचे सगळे तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतात. तुमचं मत शेवटी सांगा, आधी सांगितलंत की माना डोलतात. आणि "काही प्रश्न?" असं मोघम विचारू नका, "यात काय फसू शकतं, प्रत्येकाने एक सांगा" असं विचारा.

वर्क फ्रॉम होममध्ये एंगेजमेंट राहते का?

राहते, नीट केलं तर. २०२४ मध्ये नेचर या जर्नलमध्ये निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा ट्रिप डॉट कॉम कंपनीतला अभ्यास आला, १,६१२ लोक, त्यातल्या काहींना आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिलं. नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण एक तृतीयांशने कमी झालं आणि अप्रेजल किंवा प्रमोशनमध्ये फरक पडला नाही. सुरुवातीला मॅनेजर लोकांना वाटत होतं काम कमी होईल, शेवटी त्यांचंच मत बदललं. हे दोन दिवसांचं झालं, पूर्ण वेळ घरून असलेल्या टीमला हेच जसंच्या तसं लावू नका. तिथे नवीन माणूस एकटा पडतो, त्याला पहिल्या महिन्यात रोज कुणीतरी फोन करायला हवा, कामासाठी नाही, असाच. आणि माऊस हलतोय का बघणारं सॉफ्टवेअर टाकू नका. विश्वास नाही हे त्याहून मोठ्याने सांगता येत नाही.

जो सगळ्यात मन लावून काम करतो तोच आधी थकतो, असं का?

कारण काम नेहमी त्याच्याकडेच जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, त्यात तीन गोष्टी आहेत: ताकद संपून जाणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. आणि ते कामाच्या जागेवरच्या, न हाताळलेल्या ताणातून येतं असं स्पष्ट म्हटलंय, म्हणजे त्याला मेडिटेशन अ‍ॅप देऊन जबाबदारी त्याच्यावर ढकलता येणार नाही. कामाचं ओझं आणि त्यासाठी मिळणारा आधार या दोन तागड्या आहेत. ओझं वाढवायचं असेल तर आधारही वाढवा, माणूस द्या, वेळ द्या, निर्णय घ्यायची मुभा द्या, आणि जमत नसेल तर एखादं काम यादीतून काढा. काढायचं कुठलं हे त्यालाच विचारा, त्याला बरोबर माहीत असतं.

कपात झाली, आता उरलेल्यांचं मन कसं लावायचं?

लगेच लागणार नाही, आणि लावायचा प्रयत्न पण पहिले काही आठवडे करू नका. खरं सांगा, पुन्हा होणार आहे का याचं जे उत्तर तुमच्याकडे आहे ते द्या. गेलेल्यांना कसं पाठवलं हे उरलेले बघत असतात. आणि गेलेल्यांचं काम उरलेल्यांवर गुपचूप टाकू नका, काय बंद करणार आहोत ते आधी ठरवा.

मी मॅनेजर नाही, साधा कर्मचारी आहे, माझ्या हातात काय आहे?

तुमच्या कामाचा उपयोग कुणाला होतो ते शोधा, त्या माणसाशी एकदा बोला. शेजारच्याने मदत केली तर तसं त्याच्या बॉसला मेल टाका, दोन ओळींचा. अडतंय ते नेमकं सांगा, "सगळंच वाईट आहे" पेक्षा "या परवानगीला चार दिवस लागतात, एका दिवसात मिळाली तर माझं हे काम होईल" असं. आणि हे सगळं करूनही वरचा माणूस पालथ्या घड्यासारखा असेल तर टीम बदला, नाहीतर नोकरी बदला. त्यात अपराधी वाटायचं काही कारण नाही.

फरक दिसायला किती दिवस लागतात?

छोट्या गोष्टींचा आठवड्यात दिसतो, विश्वासाचा वर्ष-दीड वर्षाने. आणि पहिली खूण स्कोअर वाढणं ही नसते. डिस्पॅचचा तो प्रिंटर बदलल्यावर पुढचा सर्व्हे झाला तेव्हा त्या टीमच्या तक्रारी कमी झाल्या नाहीत, वाढल्या, मागच्या वेळी मोकळ्या रकान्यात तिघांनी लिहिलं होतं, या वेळी अकरा जणांनी. आमचे साहेब घाबरले, म्हणाले एवढं करून उलटंच झालं. मी त्यांना म्हटलं, सर, आता त्यांना वाटतंय की कुणीतरी वाचतंय. दोन जणांनी तर उपाय पण लिहून दिला होता. सगळ्यात जास्त जणांनी लिहिलेली तक्रार होती मागच्या रॅकच्या टोकाला अंधार पडतो ही. ती लाइट त्याच आठवड्यात लागली.